अमाइन प्रोटॉन किती जोरात ओढतं? रबाळे-महापेच्या लॅबमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून सकाळी सुटणाऱ्या वाशी-पनवेल लोकलमध्ये गळ्यात नवंकोरं ओळखपत्र घातलेली, नुकतीच एमएस्सी झालेली मुलं-मुली रोज दिसतात. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जिथे कंपनी असेल तिथे उतरतात आणि रिक्षा पकडून टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या लॅबमध्ये जातात. काही वर्षांपूर्वी मीही अशीच रबाळ्याला उतरले होते. पहिल्या सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त छळलं ते अमाइन्सनी, म्हणजे अमोनियाच्या कुळातल्या नायट्रोजनवाल्या बेसनी. विषय कॉलेजात झालेला होता, मार्कही बरे होते. तरी समोर ट्रायइथाइलअमाइनचा ड्रम, हातात सेपरेटिंग फनेल आणि सर विचारताहेत, 'पीएच कितीवर थांबणार?' की बोलती बंद.

अमाइन किती बेसिक आहे, म्हणजे ते प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) किती जोरात ओढून धरतं, हे एका आकड्यात सांगता येतं. पण तो आकडा कोणाचा, कुठल्या द्रावकातला आणि किती तापमानाचा हे माहीत नसेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. हे कळायला मला एक बॅच जवळजवळ घालवावी लागली. तुमची वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी काय जमवायचं

कागद:
- त्या अमाइनची सेफ्टी डेटा शीट (वाचलेली, नुसती फाइलला लावलेली नव्हे)
- बाटलीच्या लॉटचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट
- आम्लाच्या प्रमाणीकरणाची आणि पीएच मीटरच्या कॅलिब्रेशनची नोंद

सामान:
- ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याच आठवड्यात प्रमाणित केलेलं
- पीएच मीटर आणि ताजे बफर: ४, ७, ९.२, मिळालं तर १० सुद्धा
- १० मिलीचं ब्युरेट, चार दशांशांचा तराजू, मॅग्नेटिक स्टरर
- थर्मामीटर (हा सगळे विसरतात)
- पोटॅशियम क्लोराइड
- सरावासाठी ट्रिस, तेच बफरवालं
- दहा मिनिटं खळखळून उकळून, झाकून थंड केलेलं डिस्टिल्ड पाणी

१. आकडा कोणाचा आहे ते आधी बघा

बारावीला आपण अमाइन्सचा पीकेबी, म्हणजे बेसच्या ताकदीचा लॉगमधला आकडा, शिकतो: अमोनिया ४.७५, मिथाइलअमाइन ३.३८, अ‍ॅनिलीन ९.३८. तिथे आकडा लहान तितका बेस जोरदार. लॅबमध्ये मात्र सगळे पीकेए, म्हणजे आम्लाच्या ताकदीचा तसाच आकडा, बोलतात, आणि तो पीकेए अमाइनचा नसून अमाइननं प्रोटॉन घेतल्यावर जो आयन तयार होतो त्याचा असतो. त्या आयनाला आपण संयुग्मी आम्ल म्हणतो. त्याचा पीकेए जितका मोठा, तितका तो प्रोटॉन सोडायला नाखूश, म्हणजेच मूळ अमाइन तितकं जोरदार बेस. पाण्यात, २५ अंशांना, पीकेए आणि पीकेबी यांची बेरीज १४ येते. म्हणून अमोनियाचा ९.२५ आणि अ‍ॅनिलीनचा ४.६.

खरा सापळा पुढेच आहे. अमाइनच्या नायट्रोजनवर हायड्रोजन असेल तर ते अमाइन स्वतःही प्रोटॉन सोडू शकतं, आणि त्या सोडण्याचाही एक पीकेए असतो. डायआयसोप्रोपाइलअमाइन घ्या. एका तक्त्यात त्याच्यासमोर ११ दिसतं, दुसऱ्यात ३६. दोन्ही बरोबर. ११ हा त्याच्या प्रोटॉन घेतलेल्या रूपाचा आकडा. ३६ हा ते स्वतः आम्ल म्हणून वागताना, म्हणजे एलडीए (लिथियम डायआयसोप्रोपाइलअमाइड, एक अतिजोरदार बेस) करताना त्याचा प्रोटॉन काढायला किती जोर लागतो त्याचा. मी पहिल्याच महिन्यात प्रोजेक्टच्या वहीत 'बेसची ताकद ३६' असं लिहिलं आणि त्यावर पुढची सगळी योजना आखली. सरांनी त्या आकड्याभोवती गोल काढला आणि शेजारी एवढंच लिहिलं: 'कोणाचा प्रोटॉन?' तो प्रश्न मी आजही प्रत्येक तक्ता उघडताना स्वतःला विचारते.

ओळखायची सोपी खूण: साध्या अमाइनसमोर पंचवीस-तीसच्या वरचा आकडा दिसला, तर तो प्रोटॉन सोडण्याचा आहे असं धरा. वहीत लिहिताना प्रोटॉन घेतलेल्या रूपाच्या पीकेएला नेहमी 'पीकेएएच' लिहा. शेवटचा तो 'एच' पुढच्या माणसाचा घोळ वाचवतो.

२. एवढे आकडे तोंडपाठ हवेत

पाढे पाठ असतात तसे. सगळे पाण्यातले, २५ अंशांचे पीकेएएच:

- ग्वानिडिन १३.६
- पायरोलिडिन ११.३, पायपेरिडिन ११.१
- डायइथाइलअमाइन ११.०, ट्रायइथाइलअमाइन १०.७५
- मिथाइलअमाइन १०.६, डायमिथाइलअमाइन १०.७, ट्रायमिथाइलअमाइन ९.८
- डीएमएपी (डायमिथाइलअमिनोपिरिडिन) ९.७
- बेंझाइलअमाइन ९.३, अमोनिया ९.२५
- मॉर्फोलिन ८.४, ट्रिस ८.१
- इमिडाझोल ७.०
- पिरिडिन ५.२, अ‍ॅनिलीन ४.६
- पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलीन १.०, डायफिनाइलअमाइन ०.८

हा लॉगचा हिशोब आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. ट्रायइथाइलअमाइन आणि अ‍ॅनिलीन यांच्यात सहा एकक फरक दिसतो, तो प्रत्यक्षात दहा लाख पटींहून जास्त आहे.

३. आकड्यामागचं कारण समजून घ्या

नुसतं पाठांतर केलं तर तक्त्यात नसलेलं अमाइन समोर आलं की तुम्ही अडकता. कारण कळलं असेल तर अंदाज बांधता येतो, आणि तो बहुतेक वेळा एका एककाच्या आत बरोबर येतो.

नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते, आपण तिला लोन पेअर म्हणतो. प्रोटॉन तिच्यावरच येऊन बसतो. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या: ही जोडी किती मोकळी आहे? आणि प्रोटॉन आल्यावर तयार होणारा धन भार किती सुखानं राहतो?

अ‍ॅनिलीनमध्ये ही जोडी बेंझिनच्या कड्यात वाटली गेलेली असते. प्रोटॉन घ्यायचा तर ते वाटप सोडावं लागतं, म्हणून ४.६. कड्याला पॅरा जागी नायट्रो लावला की तो जोडीला आणखी ओढतो आणि आकडा १ वर येतो. डायफिनाइलअमाइनमध्ये जोडी दोन कड्यांत वाटलेली, त्यामुळे ते जवळपास बेस उरतच नाही.

पिरिडिनची गोष्ट वेगळी. तिथे जोडी कुठेही वाटलेली नसते, कड्याच्या बाहेर तोंड करून असते. पण ती एसपी२ कक्षेत आहे, केंद्रकाच्या जास्त जवळ, जास्त घट्ट धरलेली. पायपेरिडिनमध्ये तीच जोडी एसपी३ मध्ये. सहा जणांचंच कडं, पण ११.१ आणि ५.२ इतका फरक. पायपेरिडिनच्या कड्यात नायट्रोजनसमोर एक ऑक्सिजन बसवला की ते मॉर्फोलिन होतं. ऑक्सिजन लांबूनच इलेक्ट्रॉन ओढतो आणि आकडा ८.४ वर येतो.

ग्वानिडिन दुसऱ्या टोकाला. प्रोटॉन आल्यावर धन भार तीन नायट्रोजनमध्ये सारखा वाटला जातो. ओझं तिघांनी उचललं की कोणालाच जड होत नाही, म्हणून १३.६.

आता मिथाइलअमाइन्स. मिथाइल गट इलेक्ट्रॉन ढकलतात, मग जितके मिथाइल जास्त तितका बेस जोरदार असायला हवा ना? हवेत, म्हणजे वायुरूपात, अगदी तसंच होतं. प्रोटॉन घेताना सुटणारी ऊर्जा अमोनियाची सुमारे ८५४ किलोजूल प्रति मोल, मिथाइलअमाइनची ८९९, डायमिथाइलची ९३०, ट्रायमिथाइलची ९४९. चढती भाजणी. पाण्यात मात्र ट्रायमिथाइलअमाइन घसरून ९.८ वर येतं, मिथाइलअमाइनच्याही खाली. कारण पाण्यात प्रोटॉन घेतलेला आयन एकटा नसतो, त्याच्या नायट्रोजनवरच्या प्रत्येक हायड्रोजनला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधानं धरून आधार देतात. मिथाइलअमाइनच्या आयनाला असे तीन हात आहेत, ट्रायमिथाइलच्या आयनाला एकच. ढकलणं आणि आधार या रस्सीखेचीत मधलं डायमिथाइल जरासं पुढे राहतं.

आणखी एक गंमत सांगते. वायुरूपात अ‍ॅनिलीनचा आकडा ८८३, म्हणजे अमोनियापेक्षा जास्त! पाण्यात अमोनिया त्याला साडेचार एककांनी मागे टाकतो. पाणी या सगळ्यात किती मोठा वाटा उचलतं ते इथे दिसतं.

हे आपल्या स्वयंपाकघरातही दिसतं. चेंदणी कोळीवाड्यातून आणलेले बांगडे दुपारपर्यंत बाहेर राहिले की जो वास सुटतो, त्यात ट्रायमिथाइलअमाइन असतं. ते ३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे थेट नाकात येतं. आई मासे धुताना लिंबू किंवा चिंचेचा कोळ चोळते. आम्लानं त्या अमाइनला प्रोटॉन दिला की त्याचा क्षार होतो, क्षार हवेत उडत नाही, आणि नळाखाली पाण्याबरोबर निघून जातो. उलटी क्रिया बघायची तर तंबाखू मळणाऱ्याचा तळहात बघा. निकोटिनमध्ये दोन नायट्रोजन आहेत, जोरदार असलेल्याचा पीकेएएच ८ च्या आसपास. चुना पीएच वर नेतो, प्रोटॉन काढून घेतो आणि मोकळं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जातं. चुन्याशिवाय ते इतकं भिनत नाही.

सापळा: रेणूत दोन नायट्रोजन असतील तर प्रोटॉन कुठला घेतो हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. डीएमएपीमध्ये प्रोटॉन बाहेरच्या डायमिथाइलअमिनो गटावर जात नाही, कड्यातल्या नायट्रोजनवर जातो. बाहेरचा नायट्रोजन आपली जोडी आत ढकलून त्याला बळ देतो, म्हणून पिरिडिनचं ५.२ इथे ९.७ होतं. अमाइडमध्ये तर प्रोटॉन नायट्रोजनवर नाही, ऑक्सिजनवर बसतो. एथिलीनडायअमाइन पहिला प्रोटॉन ९.९ ला घेतं, पण एक धन भार शेजारी असताना दुसरा घ्यायला ६.९ पर्यंत खाली यावं लागतं.

शेजारपणाचा उलटा परिणाम रॉजर आल्डर यांनी १९६८ मध्ये दाखवला. नॅफ्थलीनवर दोन डायमिथाइलअमिनो गट इतके जवळ बसवले की दोघांच्या लोन पेअर एकमेकींना ढकलत राहतात. एक प्रोटॉन मध्ये आला की भांडण मिटतं, दोघंही तो धरून ठेवतात. साध्या डायमिथाइलअ‍ॅनिलीनचा आकडा ५.१, या रेणूचा १२.१. त्याला प्रोटॉन स्पंज म्हणतात.

४. द्रावक बदलला की तक्ता बदला

आपली बहुतेक कामं टोल्युइन, डीसीएम (डायक्लोरोमिथेन), अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये चालतात, आणि आपण आकडे बघतो पाण्याचे. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ट्रायइथाइलअमाइनचा पीकेएएच १८.८ आहे, पिरिडिनचा १२.५, अ‍ॅनिलीनचा १०.६, डीबीयू या जोरदार बेसचा २४.३. पाण्यातल्या आकड्यात ठरावीक संख्या मिळवून हे मिळत नाहीत: ट्रायइथाइलअमाइनला ८ मिळवावे लागतात, पिरिडिनला ७.३, अ‍ॅनिलीनला ६.

डीबीयू आणि ट्रायइथाइलअमाइन यांच्यात इथे साडेपाच एकक, म्हणजे सुमारे तीन लाख पट फरक आहे. पाण्यात हा फरक इतका उठून दिसत नाही, आणि म्हणूनच 'ट्रायइथाइलअमाइन नाही चाललं, तर डीबीयू तरी काय वेगळं करणार' असं मी मीटिंगमध्ये ऐकलं आहे. वेगळं करतं.

नियम एकच: दोन आकड्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच द्रावकातले घ्या. अमाइन पाण्यातलं आणि आम्ल डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकातलं अशी वजाबाकी करू नका.

५. एकदा स्वतःच्या हातानं मोजा

तक्त्यावरचा विश्वास मोजल्यावरच बसतो. सुरुवात ट्रिसनं करा. घन आहे, उडत नाही, वास नाही, तराजूवर नीट मोजता येतं.

६०.६ मिलिग्रॅम ट्रिस (हे ०.५ मिलिमोल झालं) ५० मिली उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवा. आयनांचं प्रमाण सांभाळायला पाण्यात आधी पोटॅशियम क्लोराइड घालून ०.१ मोलर करून ठेवा. इलेक्ट्रोड बुडवा, ०.१ नॉर्मल आम्ल ०.२५ मिलीनं घालत जा, आकडा स्थिरावला की लिहा. ५ मिलीला पीएच धाडकन खाली येईल. ते टोक. त्याच्या अर्ध्यावर, २.५ मिलीला, जो पीएच होता तोच तुमचा पीकेएएच, कारण तिथे निम्मं अमाइन प्रोटॉन घेतलेलं आहे आणि निम्मं मोकळं. ८.०५ ते ८.१५ च्या मध्ये आलात तर तुमचं मीटर, आम्ल आणि हात तिन्ही ठीक आहेत. नाही आलं तर अमाइनला हात लावू नका, आधी मीटरकडे बघा.

मग ट्रायइथाइलअमाइनकडे वळा. तेवढ्याच मोलसाठी ५०.६ मिलिग्रॅम लागतं. उघड्या वॉच ग्लासवर तोलाल तर तराजूचा आकडा डोळ्यांदेखत खाली सरकताना दिसेल, म्हणून बुचाच्या बाटलीत तोलून वजाबाकी करा. इथे अर्ध्यावरचा पीएच १०.६७ च्या आसपास दिसतो, १०.७५ नाही. चूक तुमची नाही. इतक्या पातळ द्रावणात जोरदार बेस पाण्याकडूनही थोडे प्रोटॉन घेतं, त्यामुळे निम्मं-निम्मं राहत नाही. हायड्रॉक्साइडचा हिशोब धरला की ०.०८ ची दुरुस्ती येते आणि आकडा जागेवर बसतो. मॉर्फोलिन किंवा ट्रिसला ही दुरुस्ती नगण्य असते.

इथले सापळे मी एकेक करून भोगलेले आहेत:

कार्बन डायऑक्साइड हा सगळ्यात मोठा चोर. अमाइन हवेतून तो ओढून घेतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरा खरपुडा दिसला की समजा. अशा नमुन्याचा वक्र पीएच ६ च्या आसपास आणखी एक पसरट पायरी दाखवतो, ती कार्बोनेटची. नवा मुलगा किंवा मुलगी 'दुसरा नायट्रोजन सापडला' म्हणून खूश होते. नमुना ताजा घ्या, बीकरवर नायट्रोजनची हलकी धार सोडा.

दुसरा तापमान. अमाइनचा पीकेएएच दर अंशाला साधारण ०.०३ नं उतरतो. मे महिन्यात वाशी-तुर्भ्याला लॅबचा एसी बंद पडला आणि खोली ३३ अंशांवर गेली, की फक्त तेवढ्यानं पाव एकक फरक पडतो. मीटरवरचं तापमानाचं बटण इलेक्ट्रोडचा उतार सुधारतं, तुमच्या अमाइनचा पीकेए सुधारत नाही. तापमान वहीत लिहा.

तिसरा, कॅलिब्रेशन. ४ आणि ७ च्या बफरवर मीटर लावून १०.७ वाचणं म्हणजे ठाण्यापर्यंत तिकीट काढून कल्याणला उतरणं. ९.२ किंवा १० चा बफर हवाच. आणि पीएच १२ च्या वर काचेचं इलेक्ट्रोड सोडियमला भुलतं, म्हणून वर पोटॅशियम क्लोराइड म्हटलं, मीठ नाही.

६. पाण्यात टोक दिसत नसेल तर

अ‍ॅनिलीन पाण्यात मोजलं तर टोक इतकं बोथट येतं की हातात काही लागत नाही. क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) अशांसाठी ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लात ०.१ नॉर्मल परक्लोरिक आम्लानं टायट्रेशन करतात, दर्शक क्रिस्टल व्हायोलेट. अ‍ॅसिटिक आम्ल स्वतःच आम्ल असल्यानं त्यात कमजोर बेसही जोरदार वागतो आणि जांभळ्याचा निळा-हिरवा स्वच्छ होतो. पण हे लक्षात घ्या की इथे अ‍ॅनिलीन आणि ट्रायइथाइलअमाइन एकाच पातळीवर येतात. किती अमाइन आहे हे कळेल, किती जोरदार आहे हे नाही.

दोन गोष्टी जपा. परक्लोरिकमधलं पाणी काढायला अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड घालतात. ते जास्त झालं तर प्राथमिक आणि दुय्यम अमाइनला धरतं आणि तुमचा अ‍ॅसे, म्हणजे शुद्धतेचा टक्का, कमी येतो. ते थेट दाट परक्लोरिकवर कधीही ओतायचं नाही, स्फोट होऊ शकतो. आधी परक्लोरिक अ‍ॅसिटिक आम्लात मिसळायचं, मग थंड ठेवून अ‍ॅनहायड्राइड सावकाश, आणि द्रावण २४ तास ठेवायचं. पहिल्यांदा हे सिनियरच्या देखरेखीखालीच करा.

दुसरी गोष्ट उन्हाची. अ‍ॅसिटिक आम्ल दर अंशाला सुमारे ०.११ टक्के फुगतं. २४ अंशांच्या एसीत प्रमाणित केलेलं द्रावण ३४ अंशांच्या खोलीत वापरलं की उत्तर सरळ एक टक्क्याहून जास्त चुकतं. अ‍ॅसेची मर्यादा ९९ ते १०१ असेल तर चांगली बॅच नापास होते. दुरुस्तीचं सूत्र एसओपीत (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत) असतं, ते पान उघडा.

७. वर्क-अपमध्ये पीएच कुठे थांबवायचा

वर्क-अप म्हणजे रिअ‍ॅक्शन संपल्यावर उत्पादन वेगळं काढणं. इथेच माझी ती बॅच अडकली होती. आमचं उत्पादन अ‍ॅनिलीनच्या कुळातलं, टोल्युइनमध्ये. सोबत वापरून उरलेलं ट्रायइथाइलअमाइन, ते काढायचं होतं. मी विचार केला, बेस काढायला आम्ल, मग जोरदारच वापरू. दोन नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लानं दोनदा धुतलं. थर सुरेख वेगळे झाले. टीएलसी (पातळ थरावर ठिपक्यांनी करायची तपासणी) टाकली तर टोल्युइनच्या थरात ठिपकाच नाही.

लॅबमध्ये वीस वर्षं काढलेले एक काका शेजारी काचसामान धूत होते. माझा चेहरा बघून म्हणाले, 'ताई, खालचं पाणी फेकलं नाही ना अजून?'

नव्हतं फेकलं. पीएच १ च्या खाली ट्रायइथाइलअमाइनबरोबर माझं अ‍ॅनिलीनही क्षार होऊन पाण्यात उतरलं होतं. बर्फात फ्लास्क ठेवून, पातळ कॉस्टिक थेंबाथेंबानं सोडत पीएच वर नेला. पाच ओलांडताना द्रावण ताकासारखं गढूळ व्हायला लागलं, ते माझं उत्पादन मोकळं होत होतं. ८ वर थांबले आणि ताज्या टोल्युइननं दोनदा काढून घेतलं. बहुतेक सगळं परत आलं.

८ वरच का? १०.७५ चं ट्रायइथाइलअमाइन पीएच ८ ला अजूनही ९९.८ टक्के क्षार आहे, पाण्यातच राहतं. ४.६ चं अ‍ॅनिलीन त्याच पीएचला पूर्ण मोकळं. मी घाबरून १२ पर्यंत गेले असते तर दोन्ही टोल्युइनमध्ये परत आले असते आणि मी जिथून निघाले तिथेच पोचले असते.

हिशोब असा: पीएच पीकेएएचइतका असेल तर निम्मं क्षार, एक एकक खाली ९१ टक्के, दोन एकक खाली ९९, तीन खाली ९९.९. वर गेलात तर उलट. दोन अमाइन वेगळी करायची असतील तर दोघांच्या आकड्यांच्या मधोमध उभं राहा. आमच्या बाबतीत मधला आकडा ७.७. म्हणजे मुळातच पातळ आम्ल थेंबाथेंबानं घालत ७.५ वर थांबले असते तर हा सगळा उपद्व्याप झालाच नसता.

पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलीनसारखं काही आम्लानं धुवून काढायची आशा धरू नका. पीएच १ लाही त्यातलं निम्मंच क्षार होतं. तिथे क्रिस्टलायझेशन बघा.

आणि धुतल्यावर लगेच कुठलाही थर फेकू नका. दोन्ही थरांवर चिठ्ठी लावा, टीएलसी बघा, मग ठरवा.

८. बेस निवडताना

जोर हा एकच निकष नाही. ट्रायइथाइलअमाइन आणि डीआयपीईए (डायआयसोप्रोपाइलइथाइलअमाइन) यांची प्रोटॉन ओढायची ताकद जवळपास सारखी, पण डीआयपीईएच्या नायट्रोजनभोवती इतकी गर्दी आहे की बारीकसा प्रोटॉन आत शिरतो, कार्बनला शिरता येत नाही. अल्किल हॅलाइड असलेल्या बॅचमध्ये म्हणून ते बरं पडतं. पिरिडिन उलट: बेस म्हणून कमजोर, पण अ‍ॅसिड क्लोराइडला पटकन भिडतं.

औषधाचा क्षार करायचा असेल तर अमाइनचा पीकेएएच आणि आम्लाचा पीकेए यांत निदान तीन एककांचं अंतर शोधा. त्याहून कमी अंतरावर प्रोटॉन पूर्ण सरकेलच असं नाही, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत असे अर्धवट क्षार मोकळे होऊन चिकट झालेले मी पाहिले आहेत.

९. डोळ्यांची काळजी

ट्रायइथाइलअमाइन शून्याखालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ देतं, तेव्हा ते फ्यूम हूडमध्येच उघडायचं आणि हायड्रोक्लोरिकची बाटली त्याच्या शेजारी ठेवायची नाही. दोघांची वाफ भेटली की पांढरा धूर होऊन सगळ्या काचांवर पूड बसते.

वाफ डोळ्यांना लागली तर लगेच कळत नाही. डोळ्याचा पारदर्शक पडदा हळूहळू सुजतो आणि काही तासांनी दिसायला धुरकट होतं. सेकंड शिफ्ट संपवून बाहेर पडताना ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे दिवे निळसर वलयात दिसायला लागले तर ती धुळीची किंवा झोपेची तक्रार समजू नका. बाइक तिथेच ठेवा, कोणाला तरी सोडायला सांगा. डॉक्टरांना दाखवताना अमाइनचं नाव सांगा. त्रास बहुधा काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सेफ्टीवाल्यांना सांगून हूडचा हवेचा वेग मोजून घ्या, आणि तो आकडा येईपर्यंत त्या हूडवर काम सुरू करू नका.